बांगडीवाल्याचे हात

कसबा पेठ, पुणे
६ जानेवारी २०२५

आदरणीय श्यामसुंदर सर,
नमस्कार.

मी आयेशा शेख. सत्तावन्नच्या लढ्यावर तुम्ही मुलांसाठी जे पुस्तक लिहिलं आहे, त्याची चित्रं काढायचं काम तुमच्या प्रकाशक सुनीतीताईंनी मला दिलं आहे. हे माझं पहिलंच पुस्तक.

नारायण पेठ आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे आणि हे पत्र तुमच्यापर्यंत यायला तीन दिवस लागतील. पण ताई म्हणाल्या, “त्यांना फोनवर ऐकू येत नाही, समोर बसून ओरडलेलं चालत नाही आणि मोबाईलवर आलेलं ते वाचत नाहीत. पत्र लिही. टोचून देतात, पण उत्तर देतात.” हे शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं बहुतेक. आता खोडलं तर जास्तच दिसेल.

बाकी सगळी चित्रं झाली. शेवटच्या प्रकरणावर अडले आहे. तुम्ही लिहिलं आहे की बांगडीवाल्याच्या वेशातला एक हेर दोन वर्षं लष्कराच्या छावणीत जायचा, साहेबांच्या बंगल्यांतल्या आयांना आणि शिपायांच्या बायकांना बांगड्या भरायचा, आणि कुठली पलटण कुठे निघाली ते ऐकून आपल्या माणसांपर्यंत पोचवायचा. पकडला गेल्यावर त्याने एकही नाव सांगितलं नाही. त्याला फाशी दिली.

ताईंना फाशीचं चित्र हवं आहे. छाती पुढे, मान ताठ, डोळ्यांत अंगार. मी तशी तीन कच्ची चित्रं काढली. तिन्ही पोस्टरमधल्यासारखी दिसतात. त्याचा चेहरा कसा होता याची कुठे काही नोंद आहे का? हात पुढे बांधले होते की मागे? आणि शेवटच्या परिच्छेदात फाशीनंतर त्याचे हात मोकळे सापडले असं आहे, ते नेमकं कसं?

फार प्रश्न विचारले असतील तर माफ करा. मुलं चित्र आधी बघतात, मजकूर नंतर वाचतात. चुकीचं काढलं तर ते त्यांच्या डोक्यात जन्मभर तसंच राहील, याची भीती वाटते.

तुमची,
आयेशा

●

नारायण पेठ
१० जानेवारी

कु. आयेशा शेख यांस,

पत्र मिळाले. अक्षर चांगले आहे. चित्रेही तशीच असावीत.

मी टोचून उत्तर देतो, असे सुनीती म्हणते. तिने माझा मजकूर तीन वेळा कापला, तेव्हा टोचणारे कोण होते ते तिला विचारावे.

आता कामाचे. चेहऱ्याची नोंद नाही. नावाचीही नाही. छावणीच्या जुन्या छापील अहवालात त्याच्यावर इनमीन दोन ओळी आहेत. हात पाठीमागे बांधून बांगडीवाल्याला फाशी दिली, ही पहिली. प्रेत उतरवताना हात मोकळे आढळले, सबब बांधणाऱ्या देशी शिपायाला हलगर्जीबद्दल शिक्षा केली, ही दुसरी.

त्या दुसऱ्या ओळीत सगळी कथा आहे. ज्या शिपायाने सरकारचे मीठ खाल्ले, त्याचे हात दोर आवळताना थरथरले. त्याने गाठ मुद्दाम सैल मारली. ‘तो शिपाईही आतून आपलाच होता’ हे माझे वाक्य आपण वाचले असेलच. तीस वर्षे व्याख्यानांत ते मी म्हणत आलो आहे आणि अद्याप कोणी त्या ठिकाणी जांभई दिलेली नाही.

तेव्हा छातीचे आणि अंगाराचे सुनीतीला पाहू द्या. आपण शिपायाचा चेहरा काढा. हेर कोणत्या चांगल्या घरातला असेल, ते कळायला मार्ग नाही. वेश मात्र त्याने उत्तम वठवला होता.

श्यामसुंदर

●

कसबा पेठ
१५ जानेवारी

आदरणीय सर,

तुमचं पत्र दोन दिवस टेबलावर ठेवून हे उत्तर लिहिते आहे. पहिलं उत्तर फाडलं. ते उद्धट झालं होतं.

अहवालात ‘बांगडीवाला’ आहे. ‘वेश’ हा शब्द तुमचा आहे का? आणि गाठ सैल होती असं लिहिलेलं आहे, की हात मोकळे होते एवढंच?

आता जे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं ते लिहिते. माझे अब्बा, अय्युब शेख, बांगडीवाले आहेत. मंडईजवळ आमचं दुकान आहे, आजोबांचंही तेच होतं. आमच्या घरात शाळा पुरी केलेली मी पहिली. अब्बांना लिहिता-वाचता येत नाही, पण बाईचा हात बघून ते माप सांगतात. मी हे लपवलं, कारण चित्रकार बांगडीवाल्याची मुलगी आहे म्हटल्यावर माझ्या प्रत्येक शंकेला तुम्ही घरचा अभिमान म्हणाल, असं वाटलं.

लहानपणी सुट्टीत मी दुकानात बसायचे. बांगडी भरणं म्हणजे ढकलणं नाही, सर. बाईचा हात आधी लहान करावा लागतो. अंगठा तळहातात दुमडायचा, चारी बोटं जवळ घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी जे हाड असतं ते दाबून आत बसवायचं. सव्वादोनच्या मापाच्या बांगडीतून अडीचच्या मापाचा हात जातो. घाई केली तर काच पिचते आणि हात कापतो. हे शिकायला मला दोन सुट्ट्या लागल्या, तरी अब्बा गर्दीच्या दिवशी मला गिऱ्हाईकाला हात लावू द्यायचे नाहीत.

वेश घेणारा माणूस हे दोन वर्षं कसं करेल? पहिल्याच दिवशी चार बायकांचे हात रक्ताळले असते. आयांनी त्याला फाटकातूनच हाकलला असता.

मला वाटतं, तो बांगडीवालाच होता. हिंदू कासार की मुसलमान मणियार, ते मला माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. आणि ज्याचा सगळा जन्म कड्यातून हात घालण्यात गेला, त्याला दोरीच्या कड्यातून हात काढता आला नसेल का? गाठ घट्ट असली तरी?

हे खरं असेल तर मला शिपायाचा चेहरा काढता येणार नाही. चुकत असेन तर सांगा. खरंच सांगा.

आयेशा

●

नारायण पेठ
१८ जानेवारी

कु. आयेशा यांस,

विचारले आहे म्हणून सांगतो.

‘वेश’ हा शब्द माझा आहे. ‘सैल’ हाही माझाच. आपण त्यांच्या जागी आपले शब्द ठेवू पाहता. माझे अनुमान जुने आहे, आपले नवे. दोन्ही अनुमानेच. आपल्या अनुमानाला घरचा अभिमान आहे, हे आपणच कबूल केलेत, ते बरे झाले. अभिमान चांगली गोष्ट आहे. तो पुरावा नव्हे.

काचेची बांगडी जागच्या जागी राहते. दोर राहत नाही. ओढाल तसा तो आवळत जातो. हे कळायला बांगड्यांचे दुकान लागत नाही, वाळत घालायची दोरी पुरते.

सुनीतीचा निरोप आहे की महिनाअखेर चित्र आले नाही तर ते एक पान आमोद नावाच्या चित्रकाराला देण्यात येईल. तो म्हणे दोन दिवसांत अंगार काढून देतो.

चित्रकाराने चित्र काढावे, ही विनंती.

श्यामसुंदर

●

कसबा पेठ
२७ जानेवारी

आदरणीय सर,

हे डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षराकडे बघू नका.

दोरीचं तुमचं म्हणणं बरोबर होतं. ते वाचून मला झोप लागेना, म्हणून करून बघायचं ठरवलं. घरी नायलॉनची दोरी होती, पण ती गुळगुळीत, ती लबाडी झाली असती. बोहरी आळीतून अंबाडीची आणली. अम्मीने बांधली. माझी अम्मी रझिया लोणच्याच्या बरणीला दादरा बांधते तो आम्हाला पकडीने सोडवावा लागतो, तेव्हा हलगर्जीचा प्रश्न नव्हता.

आधी अब्बांचे हात बांधले. त्यांना जमलं नाही. त्यांचा अंगठा आता संधिवाताने दुमडत नाही. खूप वेळ खटपट करून ते म्हणाले, “दोरी चुडी नै है, बेटा. तुम्हारे सर सही बोलते.” आणि अम्मीकडून हात सोडवून घेऊन दुकानात निघून गेले. जेवलेही नाहीत नीट.

मग मी माझे बांधून घेतले. पाठीमागे, अहवालात आहेत तसेच. अम्मी म्हणाली, हे शिकायला तुला कॉलेजात पाठवलं होतं का? पहिल्यांदा मी ओढलं आणि दोरी आवळली, तुम्ही म्हणालात तशी. मग मी ओढायचं सोडलं. गिऱ्हाईकाला सांगतो ना, हात सैल सोडा, तसा स्वतःचाच सैल सोडला. अंगठा आत घेतला, ते हाड भिंतीवर दाबून बसवलं, आणि दोरी हातावरून न ओढता हात फिरवत फिरवत मागे घेतला.

निघाला, सर. उजवा हात निघाला. डावा आपोआप सुटला.

अंगठ्याच्या मुळाची कातडी गेली आणि दुसऱ्या दिवशी हात भाकरीसारखा सुजला. डॉक्टर म्हणाले, हाड मोडलेलं नाही, पण पेन्सिल धरायची नाही. त्यामुळे चित्र महिनाअखेर होणार नाही. ते पान आमोदना द्यावं लागेल. मी ताईंना अजून कळवलेलं नाही, धीर होत नाही.

मला जमलं म्हणजे त्याने तेच केलं, असं सिद्ध होत नाही. तेवढं मला कळतं. होऊ शकतं, एवढंच.

आयेशा

●

नारायण पेठ
१ फेब्रुवारी

चि. आयेशा,

ज्या हाताने चित्र काढायचे तोच हात दोरात घातला. इतिहासाच्या एकाही प्राध्यापकाने आजवर आपल्या मतासाठी कातडे दिलेले मी पाहिले नाही. फार तर शिष्याचे देतात.

काल सूनबाईंना घेऊन आपल्या दुकानात जाऊन आलो. आपण नव्हतात, ते बरेच झाले. सूनबाई म्हणजे कादंबरी, बँकेत आहे. हात तिच्या माहेरकडचे, दणकट. मी तिला मुद्दाम एक माप लहान मागायला सांगितले. आपल्या वडिलांनी तिच्या हाताकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “काका, ह्यांचं माप अडीच. सव्वादोन कशाला, परीक्षा आहे का?” मी म्हटले, “आहे.” ते म्हणाले, “मग ताई, काही तरी बोलत राहा.”

कादंबरी तिच्या साहेबाविषयी बोलू लागली. त्या विषयावर ती बराच वेळ बोलू शकते. तिचे बोलणे संपायच्या आत मनगटात सहा हिरव्या बांगड्या होत्या आणि तिला कळलेले नव्हते. मी चष्मा लावून पाहत होतो, मलाही धड कळले नाही. अंगठ्याचे त्यांना दुखत होते, ते मात्र दिसले. आपली मुलगी चित्र काढते ते पाहायला फार बरे वाटते, असे त्यांनी मला दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा ओरडून, कारण पहिल्यांदा मला ऐकू आले नसेल असे त्यांना वाटले. ऐकू आले होते.

सुनीतीला मी कळवले आहे की शेवटच्या प्रकरणाचा मजकूर अजून तयार नाही, सबब चित्राची घाई नको. मजकूर दिवाळीतच तयार होता, पण हे तिला कळण्याचे काही कारण नाही. खोटे बोललो त्याची शिक्षा अशी झाली की आता तो खरोखरच तयार नाही. काल परत येऊन ते प्रकरण पुन्हा वाचले. ‘चांगल्या घरातला’ हे दोन शब्द मी कशाच्या आधारावर घातले होते, ते मला आठवेना. खोडले.

शिपायाचे वाक्य अजून खोडलेले नाही. ते मला आवडते.

एक प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर चित्रात लागेल. सभोवती पलटण उभी. पळायला वाट नाही. मग त्याने हात सोडवलेच कशाला?

हात बरा झाल्यावर लिहा. आधी नको.

श्यामसुंदर

●

कसबा पेठ
१९ फेब्रुवारी

आदरणीय सर,

हात बरा आहे. चित्र सोबत पाठवते आहे. पाकीट वाकवू नका असं वर तीन ठिकाणी लिहिलं आहे, पोस्टमन वाचतील अशी आशा.

तुम्ही दुकानात गेलात ते अब्बांनी मला सांगितलंच नव्हतं. “एक काका आले होते, बहिरे, पण नजर तेज,” एवढंच म्हणाले. आणि ताई कालच फोनवर म्हणाल्या, “श्यामसुंदरांचा मजकूर पहिल्यांदाच उशिरा येतोय, तब्येत बरी आहे ना त्यांची?” मी हो म्हटलं. खोटं बोलले नाही, तब्येत बरीच आहे ना.

तुमचा प्रश्न मी अब्बांना विचारला. पळायचं नव्हतं तर त्याने हात का सोडवले असतील? ते जेवत होते. म्हणाले, “सवय. हाताला काही अडकलं की आपला हात आपोआप लहान होतो.” मी म्हटलं, एवढंच? तर हातातला घास ताटात परत ठेवून म्हणाले, “आणि दुसऱ्याने बांधलेल्या हातांनी वर जायचं नसेल त्याला.”

या दोन्हींत खरं कुठलं, ते मला माहीत नाही. म्हणून दोन्हींना जागा राहील असं चित्र काढायचा प्रयत्न केला. तो पाठमोरा आहे. चेहरा आपल्याला माहीत नाही, तर मी काढलेला नाही. त्याच्या पलीकडे साहेब, शिपाई, पलटण, सगळे समोरून त्याच्या तोंडाकडे बघताहेत. भीती दिसते का, ते शोधताहेत. त्यांच्यातल्या कोणालाही त्याची पाठ दिसत नाही. पाठ फक्त पुस्तक हातात धरणाऱ्या मुलाला दिसते. आणि पाठीमागे दोरीतून त्याचा उजवा हात अर्धा बाहेर आला आहे, अंगठा आत, चारी बोटं जवळ. घाई नाही. कोणाकडून तरी बांगडी भरून घ्यायची असावी तसा.

बांधणारा शिपाई कोपऱ्यात आहे. त्याचा चेहरा मी सरळ काढला आहे. ना थरथरणारा, ना दुष्ट. त्याने गाठ नीट मारली होती असं मी धरलं आहे, आणि तरी शिक्षा त्यालाच झाली. त्याचं मला वाईट वाटतं. तुमचं वाक्य ठेवायचं असेल तर त्याच्या चेहऱ्यावर ते बसेल, एवढी जागा सोडली आहे.

नको वाटलं तर परत पाठवा. मी आमोदना स्वतः सांगेन.

आयेशा

●

नारायण पेठ
२४ फेब्रुवारी

चि. आयेशा,

पाकीट पोस्टमनने वाकवले नाही. सही करून ते घेताना मीच जवळजवळ वाकवले होते.

चित्र पाहून मी आधी शिपाई शोधला, मग साहेब. त्यानंतर तो हात दिसला आणि तोवर चहा गार झाला होता. कादंबरीला दाखवले. तिने आपला अंगठा आत घेऊन पाहिला.

वाक्य खोडले आहे. तीस वर्षे लोकांनी जांभई दिली नाही म्हणून ते खरे ठरत नाही, हे तुझ्या वयाच्या मुलीने मला कळवायला हवे होते असे नाही, पण कळवलेस. मी तुला ‘तू’ म्हटले आहे. चालत नसेल तर पत्राने कळवावे. फोन करू नये.

त्या जागी आता हे आहे:

‘तो बांगडीवाला होता. दोर सैल होता की त्याचा हात सराईत होता, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. या पुस्तकाच्या चित्रकर्तीने दुसरे धरले आहे. तिने ते स्वतःच्या हातावर करून पाहिले आणि मला ते पटले आहे.’

सुनीती म्हणाली, मुलांच्या पुस्तकात इतका खुलासा कोण वाचतो? मी म्हटले, ज्याला पुढे इतिहास शिकायचा आहे तो वाचेल. ती म्हणाली, “आणि छाती? अंगार?” मी तिच्यापुढे चित्र ठेवले. बराच वेळ पाहून म्हणाली, “हे पान दुपानी करावं लागेल.” तिच्याकडून याहून मोठी स्तुती मी चाळीस वर्षांत ऐकलेली नाही. मला तर कधी दीड पानही मिळालेले नाही.

माझ्या पुस्तकाला तुझे चित्र लाभले, याचा मला अभिमान वाटतो. तो पुरावा नव्हे, पण तो आहे.

श्यामसुंदर

●

कसबा पेठ
२ मे

आदरणीय सर,

‘तू’ चालतं. हे पत्राने कळवते आहे.

पुस्तकाच्या प्रती तुम्हाला मिळाल्याच असतील. छापखान्यातून त्या दुपानी चित्राचा एक सुटा कागद मी मागून आणला आणि अब्बांना दिला. मजकूर वाचून दाखवायला लागले, तर म्हणाले, थांब. कागद उजेडात धरून बघत बसले. अम्मी म्हणाली, “आता काही चूक काढतील.” त्यांनी चूक काढली नाही. चित्रातल्या हातावर त्यांनी स्वतःचा अंगठा ठेवला, तो दुमडत नाही तो, आणि मला म्हणाले, “आता वाच.” मी वाचलं. ‘मला ते पटले आहे’ हे त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा.

कागद आता दुकानात आहे. आरशाच्या वर हिरव्या बांगड्यांचे जुडगे टांगलेले असायचे ती जागा अब्बांनी मोकळी केली. धंद्याची सगळ्यांत चांगली जागा आहे ती. मी म्हटलं, गिऱ्हाईकाला माल कुठे दिसणार? म्हणाले, “माल मागितला की काढतो.”

काल मी दुकानात होते तेव्हा सुंदराबाई नावाच्या आजी आल्या, नातीच्या लग्नाच्या बांगड्या भरायला. हात वयाने ताठरलेला, दुखेल म्हणून घाबरलेल्या, मूठ सोडायलाच तयार नाहीत. चित्राकडे लक्ष गेलं तशा म्हणाल्या, “अय्युबभाई, हा पाठमोरा कोण?”

“आमच्या धंद्यातला आहे, आजी. देशासाठी फासावर गेला.”

“तुमच्यातला का?”

“ते माहीत नाही. बांगडीवाला होता. हात बघा ना त्याचा.”

आजी बघत राहिल्या. दोरी, बोटं, आत घेतलेला अंगठा. “अगं बाई,” एवढंच म्हणाल्या, आणि बघता बघता त्यांची मूठ सैल पडली. अब्बांनी पहिली बांगडी चढवली. आजींना कळलंही नाही.

तुमची,
आयेशा